मूठ, शेपटी आणि खिळा : जुन्नर-आंबेगाव परिसरातील हातघडणीच्या पात्यांचा एक ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

महाराष्ट्राच्या शस्त्रेतिहासात तलवारीला जे स्थान मिळाले ते कोयत्याला मिळाले नाही. तलवारीचे पोलाद, तिच्यावरील कोरीव लेख, तिचा धनी यांविषयी विपुल लेखन झालेले आहे. याउलट ज्या पात्यांनी या प्रदेशाचे रान तोडले, भात कापले, बांबू चिरला आणि आज ऊस तोडला जातो, त्यांच्याकडे इतिहासकारांनी क्वचितच पाहिले. पाहिले तेही पात्याकडे, मुठीकडे नाही. वस्तुतः हत्याराचा माणसाशी संबंध येतो तो मुठीपाशी. पाते कामाचे असते, मूठ हाताची असते. मराठी भाषेने हे केव्हाच ओळखले आहे, कारण मिटलेल्या हाताला आणि हत्यार धरण्याच्या जागेला ती एकच शब्द वापरते.

प्रस्तुत लेखात पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव या दोन तालुक्यांच्या संदर्भात हातघडणीच्या सुऱ्या, कोयते व विळे यांच्या मुठींचा विचार केला आहे. त्यातही पाते मुठीला कसे जोडले आहे आणि जोडणारा खिळा कोठे बसवला आहे, या वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नावर भर आहे. पात्याच्या मागे निघून मुठीत शिरणाऱ्या भागाला येथे सोयीसाठी ‘शेपटी’ म्हटले आहे. शेपटीचे ठोकळमानाने दोन प्रकार होतात. एक निमुळती शेपटी. ती आख्ख्या लाकडाच्या आत ठोकली जाते. दुसरी रुंद, मुठीच्याच आकाराची सपाट शेपटी. तिच्या दोन्ही बाजूंस लाकडाच्या वा शिंगाच्या पट्ट्या लावून आरपार खिळे मारले जातात. कारागीर या खिळ्याला रिबीट म्हणतात. कोणत्याही गावच्या आठवडे बाजारात लोखंडी सामानाच्या मांडणीत हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी पडलेले दिसतात. त्यांच्यामागे मात्र दोन वेगळे इतिहास आहेत.

अभ्यासाची एक अडचण प्रारंभीच नोंदवणे आवश्यक आहे. लाकूड कुजते, शिंग किडते, लाख उडून जाते. उत्खननात हाती येते ते गंजलेले पाते, त्याची शेपटी आणि फार तर शेपटीतील भोक. म्हणजे जुन्या मुठीविषयी जो काही पुरावा उरतो, तो बहुधा खिळ्याचाच पुरावा असतो.

चांडोलीचा खंजीर

या परिसरातील धातूच्या पात्याचा इतिहास आंबेगाव तालुक्यात, घोड नदीच्या काठी सुरू होतो. चांडोली येथे डेक्कन कॉलेजच्या वतीने शां. भा. देव आणि झै. दा. अन्सारी यांनी इ. स. १९६०-६१ मध्ये उत्खनन केले व त्याचा वृत्तांत १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला. इ. स. पूर्व दुसऱ्या सहस्रकातील ही ताम्रपाषाणयुगीन वसाहत. जवसाच्या धाग्यात ओवलेल्या तांब्याच्या मण्यांमुळे ती वस्त्रेतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तेथील महत्त्वाची वस्तू म्हणजे तांब्याचा खंजीर. त्याच्या पात्याच्या मध्यावर उंच शीर आहे आणि मुठीचे टोक कीटकाच्या शृंगिकांप्रमाणे दुभंगून दोन बाजूंना वळलेले आहे.

या खंजिराचे गंगेच्या खोऱ्यातील ताम्रनिधींत मिळालेल्या शृंगिकायुक्त तलवारींशी असलेले साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. हे साम्य प्रत्यक्ष संपर्काचे द्योतक मानावे काय, याविषयी मतभेद आहेत. या वादात मुठीच्या रचनेकडे मात्र दुर्लक्ष झाले, असे वाटते. चांडोलीच्या खंजिराची मूठ आणि पाते हे एकाच धातूचे, एकसंध आहेत. जोड नाही, म्हणून खिळाही नाही. दुभंगलेले टोक केवळ शोभेचे नसावे. खुपसलेला खंजीर मागे ओढताना हात मुठीवरून निसटतो, आणि त्या क्षणी तळहाताच्या कडेला अडणारे काहीतरी मुठीच्या शेवटी असावे लागते. आजही कोयत्याच्या लाकडी मुठीच्या शेवटी सुतार जो फुगीर भाग ठेवतो, त्याचे काम हेच आहे. युरोपातील कांस्ययुगीन खंजिरांत पात्याच्या खांद्याशी ओळीने भोके पाडून वेगळी मूठ खिळ्यांनी बसवण्याची रीत होती. तेथे पाते बहुतेकदा नेमके त्या भोकांपाशी फाटलेले आढळते. धातू महाग असतानाही एकसंध मूठ ओतणाऱ्या कारागिराने ही कमकुवत जागाच टाळली.

अर्थात चांडोलीच्या सामान्य रहिवाशाचे रोजचे हत्यार हा खंजीर नव्हता. त्याचे हत्यार कॅल्सेडनीच्या समांतर कडांच्या बारीक पात्यांचे होते. अशी पाती लाकडाच्या वा हाडाच्या खोबणीत डिंकासारख्या चिकट द्रव्याने बसवली जात. तेथेही खिळा नाही, चीक आहे. एकाच वस्तीत एकसंध धातूची मूठ आणि चिकटवलेली मूठ या दोन टोकांच्या पद्धती एकत्र नांदत होत्या. खिळ्याची गरज पडते ती त्यांच्या मधल्या अवस्थेत, म्हणजे पाते धातूचे आणि मूठ लाकडाची, अशा वेळी.

ही मधली अवस्था लोखंडाने सर्वत्र पसरवली. विदर्भातील महापाषाणयुगीन स्थळांवरून, विशेषतः नायकुंड येथील लोखंड गाळण्याच्या भट्टीवरून, इ. स. पूर्व सातव्या शतकाच्या सुमारास लोहतंत्र चांगले रुळलेले होते असे दिसते. माहुरझरी येथे तर लोखंडी पात्याला तांब्याची मूठ असलेला खंजीर मिळाला आहे. नवा धातू पात्यासाठी स्वीकारला गेला, मुठीसाठी मात्र हात जुन्याच धातूला सरावलेला होता, असा याचा अर्थ लावणे वावगे ठरणार नाही.

लेण्यांच्या काळातील कारागीर

सातवाहनकाळात जुन्नर हे नाणेघाटाच्या माथ्यावरील मोठे व्यापारी केंद्र होते. परिसरातील डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी खोदली गेली. त्यांतील दानलेखांत यवन, गृहपती यांच्यासोबत कारागिरांच्या श्रेणी येतात. ‘वसकार’ म्हणजे बुरूड आणि ‘कासाकार’ म्हणजे कासार यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याची नोंद जुन्नरच्या लेखात आहे. धान्य व्यापाऱ्यांची श्रेणीही आहे. कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकटाचा सुतार सामी भेटतो, कान्हेरीला कल्याणचा लोहार नंद. दोनशे लेण्यांचा कातळ ज्या छिन्न्यांनी फोडला त्यांना दररोज शेवटून धार आणि पाणी देणारे लोहार डोंगराच्या पायथ्याशी असणारच. परंतु ठेव स्वीकारण्याइतकी पत लेखात दिसते ती बुरूड-कासारांची.

बुरुडांचा हा उल्लेख आपल्या विषयाशी अधिक निकटचा आहे. बांबू चिरणे हे पात्याचे काम तोडण्याहून वेगळे. कांबीच्या टोकाशी पाते रुतवून ते पुढे रेटत न्यायचे असते. आघात कमी, पीळ जास्त. गोल मूठ अशा वेळी हातात फिरते. म्हणून बांबूच्या कामाच्या कोयतीला चपटी वा लंबवर्तुळी मूठ हवी आणि शेपटी मुठीत फिरणार नाही अशी चौकोनी हवी. जुन्नरच्या त्या श्रेणीतील कारागिरांची हत्यारे काळाच्या ओघात नाहीशी झाली. तथापि कामाचे यंत्रशास्त्र बदललेले नाही, आणि त्यावरून मागे जाऊन काही अनुमान करता येते, एवढाच येथे मुद्दा.

शब्दांचा पुरावा

वस्तू नष्ट झाल्या तरी त्यांची नावे राहतात. या परिसरात पात्याला असलेली नावे वेगवेगळ्या थरांतून आलेली आहेत. ‘सुरी’ संस्कृत ‘छुरिका’कडे जाते. ‘कोयता’ या शब्दाचे नाते कापणे, पीक काढणे या अर्थाच्या ‘कोय्’ या द्राविडी धातूशी आहे. कन्नड व मलयाळम भाषांत तो कापणीसाठी आजही जिवंत आहे. ‘चाकू’ फारसी-तुर्की मार्गाने आला आणि ‘कारद’ फारसी ‘कार्द’वरून. सरळ पाहता असे दिसते की, शेतातले पाते देशी नावाचे आहे, तर कमरेला खोवायचे पाते पुष्कळदा परदेशी नावाचे.

हा भेद केवळ नावाचा नाही. इराणी-मध्य आशियाई ‘कार्द’ आणि ‘पेशकब्ज’ या हत्यारांची रचना रुंद सपाट शेपटी, दोन्ही बाजूंस हस्तिदंताच्या अथवा शिंगाच्या पट्ट्या आणि आरपार खिळे अशी असते. इ. स. १४९० मध्ये मलिक अहमदने स्वातंत्र्य पुकारले तेव्हा निजामशाहीचा पहिला मुक्काम जुन्नरला होता. नंतर राजधानी अहमदनगरला गेली तरी शिवनेरी आणि जुन्नर हे फारसी बोलणाऱ्या अंमलदारांचे आणि शिलेदारांचे ठाणे राहिले. जुन्नरचा कागद प्रसिद्ध झाला तोही याच संस्कृतिसंबंधांच्या काळात. कागदाबरोबर कागद कापण्याची व बोरू तासण्याची सुरी येते, आणि दरबारी पोशाखाबरोबर कमरेची कारद येते. पट्ट्यांची खिळेबंद मूठ दख्खनमध्ये रुळण्यास हा संपर्क मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाला असावा, असे मला वाटते. हे मत अनुमानाचे आहे. परंतु नाव आणि रचना दोन्ही एकाच दिशेने बोट दाखवतात.

तलवारीचा मार्ग पुन्हा निराळा. नेहमीच्या तलवारीची लोखंडी मूठ आखूड शेपटीवर वितळलेली लाख वा राळ ओतून बसवलेली असते, खिळा नसतोच. मूठ ढिली झाली की तापवून पुन्हा बसवता येते. खांडा आणि दांडपट्टा यांत मात्र मुठीपासून निघालेल्या लोखंडी पट्ट्या पात्याच्या दोन्ही अंगांवर घेऊन खिळ्यांनी जखडतात. युरोपातून आलेले फिरंगी पाते देशी मुठीत बसवताना हीच युक्ती उपयोगी पडली. म्हणजे मराठ्यांच्या हातातील पात्यांपैकी काही चिकटवलेली होती आणि काही खिळलेली. कामाचा आघात जेथे मोठा तेथे खिळा, हा नियम सर्वसाधारणपणे लागू पडतो. अपवाद आहे तो नेमका कोयत्याचा.

लोहार, सुतार आणि बलुते

कोयत्यावर आघात सर्वांत मोठा; तरीही पारंपरिक कोयत्याच्या मुठीत बहुधा आरपार खिळा नसतो. निमुळती शेपटी लाल तापवून, आधी बारीक भोक पाडलेल्या लाकडात दाबली जाते. आतले लाकूड जळते आणि शेपटीच्या नेमक्या मापाची पोकळी तयार होते. मुठीच्या तोंडाशी लोखंडी वा पितळी कडे, म्हणजे शेंबी, चढवतात; त्यामुळे लाकूड उकलत नाही. शेपटीचे टोक मुठीच्या मागच्या बाजूने बाहेर काढून वाकवून ठोकले की काम संपले. येथे ते वळवलेले टोक हाच खिळा होय.

ही रचना का टिकली, याचे उत्तर धातुशास्त्रापेक्षा गावगाड्यात शोधावे लागते. बारा बलुतेदारांच्या बहुतेक याद्यांत सुतार आणि लोहार पहिल्या ओळीत येतात. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात या व्यवस्थेचे तपशीलवार चित्र आहे. लोखंड आणि कोळसा शेतकऱ्याचा, मेहनत लोहाराची. मोबदला खळ्यावर, धान्याच्या रूपाने, वर्षाचा ठरलेला. हत्यार वर्षातून एकदा शेवटले काय आणि सहादा शेवटले काय, लोहाराच्या बलुत्यात फारसा फरक पडत नसे. अशा व्यवस्थेत दुरुस्ती जितकी कमी तितके लोहाराच्या हिताचे.

पाते लोहाराचे आणि मूठ सुताराची. दोन बलुतेदारांच्या कामाची सीमा बरोबर मुठीच्या तोंडाशी येते. ठोकून बसवलेली निमुळती शेपटी ही सीमा पाळते. मूठ फुटली तर शेतकरी सुताराकडे जातो, किंवा बांधावरची बाभळीची फांदी तासून, भोक पाडून, चुलीत शेपटी तापवून स्वतःच नवी बसवतो. लोहाराचे दार ठोठवावे लागत नाही. पट्ट्यांची खिळेबंद मूठ ही सीमा मोडते. एक पट्टी सैल झाली तरी खिळे कापायला आणि नवे बसवून त्यांची डोकी पसरायला लोहारच लागतो, आणि पट्ट्या करायला सुतारही. तिची डागडुजी दोघांच्या सवडीची मिंधी असते. कोयत्यात खिळा नसण्याचे मुख्य कारण मला हे दिसते. त्यात कारागिरीची उणीव नसून कामाच्या वाटणीचा आणि मोबदल्याच्या रीतीचा हिशेब आहे.

गावच्या वतनदार लोहाराबाहेर आणखी एक कारागीर होता, आणि त्याला गावगाड्यात जागा नव्हती. तो म्हणजे गाढवांवर किंवा गाडीत भाता-ऐरण घालून फिरणारा घिसाडी. रस्त्याच्या कडेला पाल ठोकायचे, पुरुषाने सांडशीत लोखंड धरायचे आणि बाईने घण मारायचा, हे दृश्य महाराष्ट्राला परिचित आहे. घिसाड्याला बलुते नाही. तो रोख किंवा धान्य घेऊन वस्तू विकतो आणि पुढच्या गावी जातो. त्याच्या हत्यारात मूठही विक्रीच्या क्षणीच लागते. सुताराची वाट पाहायला त्याला सवड नसते. त्यामुळे लोखंडाचीच शेपटी वळवून केलेली नळीची किंवा गुंडाळलेली मूठ अशा फिरत्या लोहारांच्या मालात सोयीची ठरते.

इ. स. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरने पुणे शहरातील तांब्या-पितळेच्या धंद्याला पुष्कळ जागा दिली आणि जुन्नरच्या कागदाची दखल घेतली. खेड्यातील लोहार मात्र जातींच्या वर्णनात येतो, उद्योगांच्या प्रकरणात नव्हे. वसाहतकालीन नोंदकाराला जो माल बाजारात आणि निर्यातीत दिसला तो उद्योग. जो खळ्यावरच्या धान्यात मिटला ती केवळ चालरीत. आपल्या विद्यापीठीय इतिहासलेखनाने ही विभागणी फारशी तपासून न पाहता पुढे चालवली, हे खेदाने म्हणावे लागते.

याच काळात लोखंडाचा मूळ पुरवठाही बदलला. महाबळेश्वरच्या परिसरात धावड लोक जांभ्यातील खनिजापासून लोखंड गाळत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात राखीव जंगले, कोळशाची टंचाई आणि विलायती लोखंडाच्या स्वस्त पट्ट्या यांच्यापुढे तो धंदा बसला. विलायती पट्टी सपाट, एकसारख्या जाडीची. ती कापून रुंद शेपटीची सुरी करणे सोपे, कारण शेपटी ठोकून निमुळती करण्याचे श्रम वाचतात. देशी लोखंडाचा गोळा मात्र ठोकून लांबवावा लागतोच, त्यामुळे निमुळती शेपटी त्यातून आपोआप निघते. स्वयंपाकघरातील खिळेबंद सुरीचा प्रसार आणि पट्टी लोखंडाचा प्रसार यांचा मेळ बसतो तो असा. पुढे मोटारी आल्या आणि मोडक्या ट्रकच्या कमानीचे पाटे लोहाराच्या ऐरणीवर आले. तेही सपाट पट्टीच.

खिळ्याची जागा

खिळेबंद मुठीत खिळा कोठे बसवावा, हा प्रश्न अनुभवी कारागीर डोळ्यांच्या अंदाजाने सोडवतो. त्या अंदाजात किती विचार साठलेला आहे, हे साध्या तरफेच्या गणिताने कळते. समजा, पुढच्या खिळ्यापासून २० सेंटीमीटर अंतरावर पाते लाकडावर आपटले आणि दोन खिळ्यांमधील अंतर ५ सेंटीमीटर आहे. पाते मुठीत केवळ खिळ्यांनी धरले आहे असे मानले, तर मागच्या खिळ्यावर आघाताच्या चौपट आणि पुढच्यावर पाचपट जोर येतो. हेच अंतर ८ सेंटीमीटर केले तर हे प्रमाण अनुक्रमे अडीचपट आणि साडेतीनपट इतके उतरते. प्रत्यक्षात शेपटी व लाकूड यांचे घर्षण आणि हाताची पकड काही भार उचलतात. परंतु दिशा स्पष्ट आहे. खिळे जितके दूर तितकी मूठ टिकाऊ. जवळजवळ मारलेले तीन खिळे दूरच्या दोन खिळ्यांची बरोबरी करतीलच असे नाही.

मग खिळे अगदी टोकांना का नेऊ नयेत? याला दोन अडथळे आहेत. पहिला लाकडाचा. पट्टीच्या टोकाला अगदी लागून भोक पाडले तर डोके ठोकून पसरवताना लाकूड रेषेवर उकलते. सर्व खिळे लाकडाच्या एकाच रेषेवर आले तरी तोच धोका. म्हणून जाणता कारागीर मधला खिळा किंचित वर-खाली सरकवतो. पाहणाऱ्याला ती चूक वाटते. दुसरा अडथळा पोलादाचा. पाते आणि मूठ जेथे मिळतात तेथे वाकवणारा जोर सर्वाधिक असतो. नेमके तेथेच भोक पाडले तर शेपटी तेवढी अरुंद होते आणि पाते तेथेच तुटते. कांस्ययुगीन खंजिरांच्या फाटलेल्या भोकांचा मागे उल्लेख केला, त्याचे कारणही हेच. म्हणून पुढचा खिळा मुठीच्या तोंडापासून थोडा मागे हवा. फार मागे गेला तर पट्टीचे पुढचे टोक उचलले जाऊन फटीत पाणी आणि भाजीचा रस शिरतो. या दोन धोक्यांमधली जागा बोटभर रुंदीची आहे. ती हाताला सापडणे म्हणजेच या धंद्यातील उमेदवारी.

पाणी देण्याचाही येथे संबंध येतो. धारेला पाणी देताना शेपटी पाण्याबाहेर ठेवतात ती मऊ राहावी म्हणून. मऊ शेपटीला सुंभ्याने भोक पडते आणि ती आघात पचवते. कडक शेपटी भोकाशी तडकते. मुठीची योजना अशा रीतीने पाते भट्टीत असतानाच ठरलेली असते.

लाकडाची निवड स्थानिक रानाने ठरवली. सह्याद्रीच्या बाजूला धामण आणि तिवस, देशाच्या बाजूला बाभूळ, ही मुठी-दांड्यांची परिचित लाकडे. धामण लवचीक, आघात सोसणारी. बाभूळ घट्ट आणि बांधावर हुकमी मिळणारी. परंतु तिच्यातील टॅनिनामुळे लोखंडी खिळ्याभोवती काळे वर्तुळ पडते. हिरड्याच्या कषायात लोखंड टाकले असता काळा रंग तयार होतो, तीच ही प्रक्रिया. आणि आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्याला हिरडा सांगायला नको. खिळा गंजून फुगतो, लाकूड फाटते. पितळी खिळ्याला हा दोष नाही. सुरीच्या मुठीवरील पिवळे ठिपके शोभेसाठी असतात असा समज आहे. त्यांची शोभा नंतरची.

याशिवाय पाऊस आणि ऊन. भीमाशंकरच्या घाटमाथ्यावर वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस पडतो, तर त्याच तालुक्याच्या पूर्व टोकाला अवर्षणाची छाया असते. लाकूड ओले झाले की रेषेच्या आडव्या दिशेने फुगते, वाळले की आखडते. चैत्र-वैशाखात सैल झालेला कोयता कामाआधी पाण्यात उभा करून ठेवण्याची रीत यामुळेच पडली. हा इलाज तात्पुरता असतो, कारण दरवेळी फुगताना लाकूड शेंबीशी दाबले जाऊन थोडे चिरडते आणि पुढच्या उन्हाळ्यात अधिकच सैल होते. लोहार यावर नवी शेंबी ठोकतो किंवा फटीत लाकडी पाचर मारतो.

राबापासून उसापर्यंत

पश्चिम पट्ट्यातील महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी समाजांत कोयता हे कमरेचे हत्यार आहे. कमरेमागे बांधलेल्या आकडीत तो अडकवतात, त्यामुळे झाडावर चढताना दोन्ही हात मोकळे राहतात. भात-नाचणीच्या रोपांसाठी राब भाजायचा तर फांद्या तोडाव्या लागतात, आणि त्या वर चढून, एका हाताने. येथे मुठीचे टोक फुगीर नसेल तर कोयता हातातून सुटून खालच्या माणसावर पडेल. आकडीतून कोयता सहज निघायचा तर मूठ फार जाडही चालत नाही. मुठीची लांबी, जाडी आणि टोकाचा फुगीरपणा असा तीन बाजूंनी बांधलेला असतो.

पूर्व पट्ट्याचे चित्र कुकडी प्रकल्पाने पालटले. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे या धरणांचे पाणी कालव्यांतून आले. ज्या गावावरून आंबेगाव तालुक्याला नाव मिळाले ते आंबेगाव डिंभ्याच्या जलाशयात गेले, आणि खाली ऊस उभा राहिला. विघ्नहर आणि भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने सुरू झाले. हंगामात मराठवाड्यातून आणि नगर जिल्ह्यातून तोडणी कामगारांच्या टोळ्या येऊ लागल्या. त्यांच्या हिशेबात ‘कोयता’ हे हत्याराचे नाव राहिले नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. ज्या भाषेने हाताचे नाव हत्याराला दिले होते, त्याच भाषेत आता हत्याराचे नाव माणसांना मिळाले.

उसाचा कोयता रानातल्या कोयत्याहून हलका. ऊस जमिनीलगत तोडावा लागतो, कारण साखर बुडख्यात अधिक; म्हणजे वाकून, मनगट खाली नेऊन घाव घालायचा, मग वर येऊन वाढे छाटायचे, पाचट काढायचे, मोळी बांधायची. मनगटाचा कोन प्रत्येक घावाला बदलतो. जोडीतील दोघेही तोच कोयता वापरतात. पण मुठीचा घेर पुरुषाच्या पंजाच्या मापाचा. खुरप्याचेही तसेच आहे. निंदणी-खुरपणी हे मुख्यतः स्त्रियांचे काम असूनही खुरप्याची मूठ स्त्रीच्या हाताच्या मापाने वेगळी केलेली बाजारात सहसा दिसत नाही. हत्यार घडवून घेणे हा व्यवहार पुरुषांमध्ये होत आला, त्याची ही खूण मुठीच्या घेरात उमटली आहे. स्त्रीच्या हातासाठी आणि तिच्या बसण्याच्या पद्धतीला धरून विचार झालेले पाते घरात होते, ते म्हणजे विळी. तिला मूठच नाही. पाते पाटाला जखडलेले, पाट पायाखाली दाबलेला. वजन शरीराचे आणि दोन्ही हात भाजीला मोकळे. घडीच्या विळीत सारा भार एका आडव्या खिळ्यावर असतो. तो सैल झाला की विळी डुगडुगते आणि बोट कापते, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे.

या संदर्भात कायद्याचा उल्लेख करणे अप्रस्तुत होणार नाही. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांनुसार नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते असलेल्या शस्त्रांवर नियंत्रण आहे; घरगुती, शेती, शास्त्रीय वा औद्योगिक उपयोगासाठी घडवलेली पाती त्यातून वगळली आहेत. २०२२-२३ च्या सुमारास पुण्याच्या वृत्तपत्रांत ‘कोयता गँग’ हा शब्द रूढ झाला आणि शेतीचे हे हत्यार एकाएकी संशयित ठरले. कायदा पाते मोजतो. परंतु ते कशासाठी घडवले आहे, हे मोजपट्टीपेक्षा मूठ अधिक सांगते. आकडीत बसणारी, टोकाला फुगीर, घामाने काळी पडलेली बाभळीची मूठ आणि दिखाव्यासाठी घेतलेल्या पात्याची मूठ यांतील फरक कोणताही लोहार ओळखेल.

गेल्या काही दशकांत कोयत्याला लोखंडी नळीची मूठ वितळजोडाने बसवण्याची पद्धत वाढली आहे. सुतार लागत नाही, शेंबी लागत नाही, लाकूड वाळत नाही, खिळा सैल होत नाही. मूठ आणि पाते पुन्हा एकाच धातूचे झाले. परंतु चांडोलीच्या कारागिराने मुठीला जो अडसर दिला होता तो या नळीला बहुधा नसतो. आघाताचा हादरा लाकडात जिरत असे, तो आता थेट मनगटात उतरतो. माघ-फाल्गुनाच्या उन्हात नळी तापते ते वेगळेच. त्यामुळे तोडणी कामगार नवा कोयता हाती आल्यावर आधी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी किंवा चिंधी मुठीवर गुंडाळतो. टोकाशी दोन वेढे जास्त घेतो, म्हणजे हात निसटत नाही. कोयता जोडीतल्या बायकोच्या हाती जायचा असेल तर वेढे कमी करून घेर लहान ठेवता येतो, आणि पट्टी झिजली की फडावरच बदलता येते.